खाण तशी माती

(हिमायतनगर येथील शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे एका शिक्षण विस्तार अधिकारी भगिनीने दिलेले भाषण)



शिक्षण विस्तार अधिकारी बोलावयास उभी राहिली म्हणजे शाळातपासणी, पटनोंदणी किंवा पायाभूत चाचण्या यांविषयीच ती बोलणार, असा आपला अनुभव आहे व तो यथार्थ आहे. आज मात्र ते विषय मी बाजूला ठेवते. आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्गात असलेल्या, परंतु हजेरीपटाच्या कोणत्याही रकान्यात न बसणाऱ्या काही मुलांविषयी, आणि त्याहीपेक्षा त्या मुलांच्या मातांविषयी मला बोलावयाचे आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे : खाण तशी माती. पालकसभेची तारीख विसरून दुसऱ्याच दिवशी शाळेत आलेली, आणावयास सांगितलेला कागद न आणलेली, बोलता बोलता भलतीकडेच वळणारी एखादी आई परत गेली की शिक्षक एकमेकांकडे पाहतात आणि कोणीतरी ही म्हण उच्चारतो. माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात मीही ती कितीदा तरी उच्चारली आहे. ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. तिच्यातील अर्थाचा शांतपणे विचार करीत नाही. तो विचार आज आपण करू.

प्रथम या मुलांची ओळख करून घेऊ. ती स्थूलमानाने तीन प्रकारची आढळतात. पहिला प्रकार अवधान-अस्थिरता व अतिचंचलता यांचा. डॉक्टर मंडळी त्याला एडीएचडी म्हणतात. अशा मुलाचे चित्त आवडीच्या कामात तासन्‌तास रमते. परंतु सांगितलेल्या कामावर ते टिकवून धरणे त्याला साधत नाही. वस्तू हरवतात, सूचना अर्धी ऐकली जाते, पाळी येण्यापूर्वीच उत्तर तोंडातून बाहेर पडते. दुसरा प्रकार विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा. मूल बोलण्यात हुशार असते, हिशेब तोंडी करते, परंतु वाचन, लेखन किंवा अंकगणित यांपैकी एखाद्या ठिकाणी अडते ते अडतेच. वाचनाच्या अशा अडचणीलाच डिस्लेक्सिया म्हणतात. तिसरा प्रकार स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा. इतरांचे हावभाव व मनोगत ओळखणे अशा मुलाला अवघड जाते, नित्यक्रमातील बदल सोसत नाही आणि गोंगाट, उजेड किंवा स्पर्श त्याला आपल्यापेक्षा अधिक तीव्रतेने जाणवतो. एकाच बालकात यांतील दोन प्रकार एकत्र असणे नवलाचे नाही. बुद्धीची उणीव किंवा संस्कारांची उणीव हे याचे कारण नव्हे. मेंदूची घडणच निराळी असते. म्हणून मी या मुलांना 'भिन्न घडणीची मुले' असे म्हणेन.

आता थोडे आत्मनिवेदन करते. भाषणात स्वतःविषयी बोलणे मला आवडत नाही. परंतु या विषयात ते टाळले तर मुख्य गोष्टच सांगावयाची राहून जाईल.

मी याच भागातील एका खेड्यात वाढले. शाळेत माझी ओळख 'वेंधळी' अशी होती. पाटी विसरणे, एका पायात एक व दुसऱ्या पायात भलतीच चप्पल घालून येणे, गणिताची रीत बरोबर मांडून शेवटी अंक चुकीचा उतरविणे, हे नित्याचे होते. मी दंगा करीत नसे. खिडकीजवळ बसून बाहेर पाहत असे. अशा मुलीला कोणी रुग्णालयात नेत नाही. तिला शिस्त लावतात. पुढे डी.एड. झाले, नोकरी लागली. वर्गात उभी राहिले की मला बरे वाटे आणि मुलेही रमत. परंतु पाठटाचण, शालेय पोषण आहाराची नोंदवही, मासिक पत्रके यांची आठवण झाली की पोटात गोळा येई. रात्री दीडदोनपर्यंत जागून मी ती कामे पुरी करी आणि सकाळी तीच पत्रके घरी विसरून शाळेत जाई. घरी दूध उतू जाणे हा रोजचा प्रकार होता. सासरी माझ्यासंबंधी जे बोलले जाई ते मला खोटे वाटत नसे, कारण माझे स्वतःविषयीचे मत त्याहून निराळे नव्हते.

माझा मुलगा तिसरीत असताना त्याच्या वह्या हरवू लागल्या. एके दिवशी मराठीची वही सापडेना. मी दमून आले होते. मी त्याला मारले. एकदा नव्हे, दोनतीनदा मारले. नंतर माझ्या वर्गाच्या वह्या तपासावयास घेतल्या, तेव्हा त्या गठ्ठ्यात त्याची वही निघाली. सकाळी मीच ती उचलून शाळेत नेली होती. तो काही बोलला नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून शाळेला निघण्यापूर्वी तो स्वतःच्या दप्तराबरोबर माझीही पिशवी तपासू लागला. आठ वर्षांच्या मुलाने आईची पिशवी तपासावी, यात मला प्रथम नुसती शरम वाटली. त्यातील शहाणपण पुष्कळ उशिरा कळले.

पुढे त्याला तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक प्रश्नावली भरावयास दिली. सूचना शेवटपर्यंत ऐकतो का, वस्तू हरवितो का, बसल्या जागी चुळबुळ करतो का, असे प्रश्न होते. मी एकेक उत्तर सांगताना मध्येच 'मी सुद्धा' असे म्हणत गेले. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारले, "बाई, ही माहिती मुलाची देता आहात की आपली?" मुलाचे निदान त्या वर्षी झाले. माझे निदान होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली, कारण माझ्यासाठी वेगळी वेळ काढण्याचे मी विसरत राहिले. तेव्हा माझे वय शेहेचाळीस होते.

निदान झाल्यावर मला आनंद झाला का, असे मला विचारतात. हायसे वाटले हे खरे. परंतु त्यामागून दुःख आले. आपण आळशी नव्हतो, हे चाळीस वर्षांनी कळले, तर त्या चाळीस वर्षांचे काय करावयाचे? आणि त्याहून जड प्रश्न असा, की जे मला कोणी केले म्हणून मी दुःखी आहे, तेच मी माझ्या मुलाला केले. मग त्याचे काय?

माझ्यासारख्या स्त्रिया इतक्या उशिरा का ओळखल्या जातात, हे शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे. लंडन येथील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली दिलेल्या व्याख्यानांत अशा चंचल मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्याला त्यांनी नैतिक संयमाचा दोष मानले. पुढे दीर्घकाळ अभ्यासकांचे लक्ष दंगा करणाऱ्या मुलग्यांवरच राहिले. गप्प बसून स्वप्ने पाहणारी मुलगी कोणाच्या नजरेत भरत नव्हती. वय वाढले की हा प्रकार आपोआप नाहीसा होतो, असाही समज होता. तो समज आता टिकलेला नाही. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानाचे निकष सुधारले, त्यात प्रौढांच्या निदानासाठी स्वतंत्र सवलत ठेवावी लागली. यात समाजाच्या रीतीचाही भाग आहे. पुरुष वस्तू विसरला तर 'साहेबांचे लक्ष मोठ्या कामात आहे' असे म्हणतात. घरातील वेळापत्रक, डबा, औषधपाणी, सणवार, कागदपत्रे हे सारे लक्षात ठेवण्याचे काम स्त्रीचे मानले गेल्यामुळे तीच गोष्ट तिच्या बाबतीत अवगुण ठरते. म्हणून ती आपली अडचण झाकते, आणि ती झाकण्यातच तिची निम्मी शक्ती खर्च होते.

आता म्हणीकडे वळू. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसून आले आहे की, अवधान-अस्थिरतेच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्यातील सुमारे ७० ते ८० टक्के भाग आनुवंशिकतेशी निगडित असतो. स्वमग्नता व डिस्लेक्सिया यांतही आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. म्हणजे 'खाण तशी माती' हे पुष्कळ अंशी खरेच आहे. मात्र ही खाण आईकडची असेल तशीच वडिलांकडचीही असू शकेल. परंतु हे खरे मानल्यावर टोमण्याला जागा कोठे उरते? डोळ्यांचा रंग आईसारखा असल्याबद्दल आपण कोणाला शिक्षा करीत नाही.

या बाबतीत जगातील शहाण्यासुरत्या लोकांनीही मोठी चूक केली आहे. डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची ओळख करून दिली. परंतु पुढे १९४९ साली त्यांनीच या मुलांच्या आईबापांच्या कोरडेपणावर बोट ठेवले, आणि त्यातून 'बर्फासारखी थंड आई' ही कल्पना रूढ झाली. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली ग्रंथ लिहून तिचा मोठा प्रसार केला. आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले, असे डॉक्टरच सांगू लागले. त्या काळी किती माता हा डाग कपाळी घेऊन जगल्या असतील! हा समज खोडून काढण्यात पुढाकार घेतला तो पालकांनी. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ साली ग्रंथ प्रसिद्ध करून हा प्रकार शारीरिक घडणीचा आहे, असे प्रतिपादन केले. इंग्लंडमध्ये लॉर्ना विंग या मानसोपचारतज्ज्ञ स्वमग्न मुलीच्या आई होत्या. १९६२ साली इतर पालकांसह त्यांनी तेथील राष्ट्रीय संस्था उभी केली. आपल्या देशात मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या आईने दिल्ली येथे १९९१ साली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' हे कार्य आरंभिले. ऑस्ट्रेलियातील जूडी सिंगर यांनी १९९८ साली मेंदूच्या घडणीतील विविधतेवर प्रबंध लिहिला. आपली आई, आपण स्वतः आणि आपली मुलगी अशा तीन पिढ्यांत एकच धागा त्यांना दिसला होता. मला तो दोन पिढ्यांत दिसला. आपल्या गावच्या पटावरही तो दिसेल, पाहावयाचे ठरविले तर.

परंतु पाहताना सावध राहिले पाहिजे, हेही तितक्याच आग्रहाने सांगते. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. विशेषतः आपल्या भागात घाई करणे अन्यायाचे होईल. आपल्या परिसरातील कित्येक मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठी नाही. तांड्यावर गोरमाटी बोलतात, कोठे गोंडी, कोठे तेलुगू, कोठे दखनी उर्दू. अशा मुलास पहिली-दुसरीत वाचन जड गेले तर तो मेंदूच्या घडणीचा प्रश्न नसून नव्या भाषेचा असू शकतो. येथे एक साधी कसोटी उपयोगी पडते. त्याच तांड्यावरची, तितकेच दिवस शाळेत आलेली इतर मुले अक्षरे शिकली आणि हेच एक मूल मागे राहिले, तर त्याच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावे. सारीच मुले मागे असतील, तर आपल्या अध्यापनाकडे पाहावे. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाऊन मध्येच चारसहा महिने गैरहजर राहिलेल्या मुलाचीही गणना या प्रकारात करू नये. दृष्टी, कान फुटणे, रक्तक्षय व उपाशीपोटी येणे या गोष्टी आधी तपासाव्यात. ज्याला फळाच दिसत नाही, त्याला अवधान कोठून असणार?

त्याचप्रमाणे अक्षरे उलटसुलट लिहिण्याचे. 'घ' व 'ध', 'भ' व 'म' यांत गोंधळणे, तीनचा आकडा सहासारखा काढणे, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या उलट देणे, हे पहिलीतील बहुतेक मुले करतात. नीट शिकवूनही तिसरीपर्यंत ते टिकले, जोडाक्षर व रफार आला की मूल अडखळून अंदाजाने शब्द ठोकून देऊ लागले, आणि तेच मूल ऐकलेली गोष्ट मात्र उत्तम सांगत असले, तर त्याची नोंद घ्यावी. केव्हा, कोठे, कोणत्या कामात अडले, हे तारखेसह दोन महिने लिहून ठेवावे. तज्ज्ञांना अशा नोंदीचा जेवढा उपयोग होतो तेवढा 'मूल हुशार आहे पण लक्ष देत नाही' या शेऱ्याचा होत नाही.

वर्गात काय करावे, याविषयी आपण प्रशिक्षित शिक्षक आहात. म्हणून थोडक्यात सांगते. चंचल मुलास जवळ बसवावे व एका वेळी एकच सूचना द्यावी. दहा गणिते एकदम न देता तीन-तीन द्यावीत. वह्या वाटणे, झाडांना पाणी घालणे अशी उठण्याची कामे त्याला हक्काने द्यावीत, आणि शिक्षा म्हणून मधली सुट्टी कापू नये. तिचीच गरज त्याला सर्वांत अधिक असते. वाचनात अडणाऱ्या मुलास पूर्वतयारीवाचून सर्वांपुढे मोठ्याने वाचावयास उभे करू नये. त्याचे ज्ञान तोंडी विचारावे, आणि अक्षर वाळूत, पाटीवर, बोटाने गिरवून पुन्हा पुन्हा घटवून घ्यावे. स्वमग्न मुलास बदलाची सूचना आधी द्यावी. उद्या सहल आहे, आज घंटा लवकर होणार आहे, हे त्याला कळले पाहिजे. 'माझ्या डोळ्यांत बघून बोल' असा आग्रह धरू नये. भोजनाच्या वेळचा कल्लोळ त्याला असह्य होत असेल तर एका कडेला बसू द्यावे. यांपैकी कशालाही अनुदान लागत नाही. आणि मारण्याविषयी तर बोलण्याचे कारणच नसावे. शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत. मानसिक छळात टोपणनावेही येतात, हे मी 'वेंधळी' या नावाने ओळखली गेलेली विद्यार्थिनी म्हणून सांगते.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते.

मुलाचे निदान झाल्यावर डॉक्टरांनी मला जो सल्ला दिला तो असा : घरात ठरावीक वेळापत्रक ठेवा, प्रत्येक वस्तूची जागा ठरवा, मुलाची कामे रोज लिहून तपासा, आवाज चढवू नका, औषध वेळेवर द्या. सल्ला उत्तम होता. परंतु त्यातील प्रत्येक गोष्ट अशी होती की, जी मला जन्मात साधली नव्हती. मुलाच्या ज्या उणिवेसाठी हा सल्ला होता, ती उणीव नसलेली आई त्यात गृहीत धरली होती. पहिल्या महिन्यात मी तीन वेळापत्रके केली आणि तीनही हरवली. शाळेतून चिठ्ठी येई : 'पालकांनी लक्ष द्यावे.' मी लक्ष देत नव्हते असे नाही. लक्ष टिकविणे हेच तर माझे दुखणे होते.

बंधु-भगिनींनो, आपण शाळेतून पाठविलेली प्रत्येक सूचना अशीच कोणाच्या तरी हाती पडत असते. जी आई स्वतः वाचताना अडखळते तिच्याकडे आपण वहीत लिहून निरोप पाठवितो. जिला चार गोष्टी एकदम लक्षात राहत नाहीत तिला पालकसभेत अकरा सूचना देतो. जिला गर्दी व गोंगाट सहन होत नाही ती सभेला आली नाही, तर 'पालक उदासीन' असा शेरा मारतो. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी अध्ययन अक्षम मुलांच्या मातांच्या चिंतेचा अभ्यास करून २००९ साली तो प्रसिद्ध केला. मुलाचे शाळेतील अपयश आणि त्याचे भवितव्य या चिंता त्या मातांनी प्रामुख्याने सांगितल्या. आपण ज्यांना उदासीन समजतो, त्या रात्री काय विचार करीत असतात हे यावरून दिसते.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मी शिक्षिका असताना माझ्या वर्गात एक गप्प मुलगी होती. मजुरी करणारी तिची आई शिष्यवृत्तीचा कागद तीनदा विसरली, आणि चौथ्यांदा आली ती मुदत संपल्यावर. मी सर्वांच्या देखत तिला बोलले. ती काही न बोलता पदर सावरून निघून गेली. पुढे ती मुलगी शाळेतून गेली, आणि सातवी पुरी न करता तिचे लग्न झाल्याचे कानावर आले. त्या मातेचे निदान आज आठवणीवरून करण्यास मी धजणार नाही. दारिद्र्यानेही माणूस विसरतो, थकव्यानेही विसरतो. माझा अपराध इतकाच की, मी विचारले नाही. दोन घरे पलीकडे राहणाऱ्या विद्यार्थ्याबरोबर मी तो कागद मागवून घेऊ शकले असते. मला ते सुचले नाही, कारण तिच्यात मला माझेच रूप दिसत होते आणि त्या रूपाचा मला राग होता.

म्हणून मातांशी वागताना काही पथ्ये मी आपणांस सुचविते. पहिले, निरोप बोलून द्यावा. वहीतील चिठ्ठीपेक्षा दोन मिनिटांचा दूरध्वनी अधिक काम करतो, आणि सभेच्या आदल्या सायंकाळी पुन्हा एक आठवण करून देणे हा अपमान नव्हे. दुसरे, एका वेळी एकच गोष्ट मागावी. तिसरे, महत्त्वाच्या कागदांची एक प्रत शाळेतच जपून ठेवावी. चौथे, मुलाविषयीचे पहिले वाक्य चांगले असावे, आणि ते खरे असावे. ज्या आईला शाळेतून फक्त तक्रारीसाठीच बोलावणे येते, ती हळूहळू दूरध्वनी उचलीनाशी होते. पाचवे, एकांतात व आपुलकीने विचारावे, "ताई, तुम्ही लहान असताना तुम्हाला शाळा कशी गेली?" या प्रश्नाचा हेतू निदानाचा नसावा. उत्तर ऐकताना मूल आणि आई यांना एकत्र समजून घेता येते, आणि मुख्य म्हणजे तिला कोणीतरी प्रथमच विचारलेले असते. सहावे, आईवरच सारा भार टाकू नये. वडील, आजी, मोठे भावंड यांच्यात कामे वाटून द्यावीत आणि काही शाळेने उचलावीत. रोज शाळा सुटताना दप्तर तपासण्याचे काम वर्गातील जोडीदाराने केले, तर घरचे एक भांडण टळते.

औषधाविषयी एक शब्द. ते द्यावे की न द्यावे, हे डॉक्टर व पालक ठरवतील. शिक्षकाने ते बंद करावयास सांगू नये, तसेच 'औषध चालू केल्याशिवाय वर्गात बसू देणार नाही' असेही म्हणू नये.

आपल्याला मदत कोठून मिळेल, हेही माहीत असावे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा वजन-उंचीबरोबर या मुलांची नोंदही त्यांच्यापुढे ठेवावी. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विकासातील अडचणी पाहणे त्या कार्यक्रमात अंतर्भूत आहे. गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलावून घ्यावे. पुढील तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकार नमूद असून त्यात स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. एडीएचडी मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही, हे पालकांना आधीच स्पष्ट सांगावे, म्हणजे प्रमाणपत्रासाठी व्यर्थ हेलपाटे होणार नाहीत. अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्र शासनाने १९९६ सालापासून आरंभ केला आहे. त्या दहावीच्या ऐन वेळी मागण्यापेक्षा प्राथमिक शाळेतील नोंदी हाताशी असल्या तर काम सुकर होते. आणि ज्या मातेला स्वतःच्या मनाविषयी कोणाशी बोलावयाचे आहे, तिला केंद्र शासनाने २०२२ साली चालू केलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ द्यावा. तो विनामूल्य आहे. आपल्यापैकी कोणाला स्वतःसाठी तो लागला, तरी त्यात कमीपणा नाही.

हे मी सहज म्हणत नाही. ज्या अर्थी ही मुले आपल्या वर्गांत आहेत, त्या अर्थी ती मोठी होऊन आपल्यासारख्या सभांतही बसलेली असणार. माझ्यासारखी एखादी भगिनी किंवा एखादा बंधू या सभागृहातही असेल. मी आता काय करते, ते त्यांच्यासाठी सांगते. शाळाभेटीचा अहवाल मी त्या शाळेतून उठण्यापूर्वीच लिहून काढते; घरी नेलेला अहवाल लिहून होत नाही, हे मला ठाऊक आहे. किल्ल्या, चष्मा व ओळखपत्र यांना दाराजवळ एकच खुंटी आहे. दूध तापवावयास ठेवले की मी स्वयंपाकघरातून हलत नाही. भ्रमणध्वनीत दिवसातून सहा वेळा घंटा वाजते आणि कचेरीतील सहकाऱ्यांना तिची सवय झाली आहे. आपली अडचण सांगून मदत मागण्यास मला पन्नाशी गाठावी लागली. आपण इतके थांबू नये.

माझ्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. चमत्कार काही झाला नाही. दहावीला त्याला जेमतेम गुण मिळाले. पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विजेचे काम शिकून आज तो शेतीपंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. हत्यारे कामावर विसरून येतो आणि परत जाऊन आणतो. आमची भांडणे अजून होतात. परंतु त्या मारण्याबद्दल मी त्याची क्षमा मागितली आहे. आईने मुलाची क्षमा मागण्याची आपल्याकडे रीत नाही. तरी मी मागितली. तो म्हणाला, "तुझी पिशवी अजून मीच बघतो." यापेक्षा अधिक तो बोलला नाही, आणि मला अधिक नको होते.

खाण तशी माती, हे खरे मानले तर एवढेच निष्पन्न होते की, मातीची मशागत करताना खाणीचीही विचारपूस केली पाहिजे. मूल आपल्या हाती सहा तास असते. उरलेला वेळ ते जिच्याजवळ असते तिचे बळ आपण वाढविले, तर आपले निम्मे काम घरीच होईल. तिला खाली पाहावयास लावले, तर शाळेत केलेलेही घरी वाहून जाईल.

शेवटी एकच विनंती. आज आपापल्या गावी परत गेल्यावर पट समोर घ्या, आणि ज्या मुलाच्या आईशी आपण आजवर केवळ तक्रारीसाठी बोललात असे एक नाव शोधा. पुढील परिषदेपूर्वी त्या आईला दूरध्वनी करून त्या मुलाविषयी एक चांगली व खरी गोष्ट सांगा. दुसरे काही त्या दिवशी मागू नका. तिने काय उत्तर दिले, ते पुढील परिषदेत ऐकावयास मी येईन. तारीख विसरू नये म्हणून ती मी येथेच लिहून घेतली आहे.